माहेर नसलेल्यांची खोली

हे लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आधी म्हणायचो, माणूस हयात आहे, उगाच कशाला. तो गेल्यावर म्हणू लागलो, माणूसच राहिला नाही, आता कशाला. आज सकाळी कागद पुढ्यात घेतला, तर उठून गॅलरीत जाऊन आलो, पाणी प्यालो, औषधाची डबी नीट लावली, पुन्हा येऊन बसलो. बायको आत भाजी निवडते आहे. तिला वाटतंय मी पेन्शनीचं काहीतरी लिहितोय.

मुरगूडच्या त्या म्हाताऱ्याबद्दल आमच्या नात्यात दोन गोष्टी सांगतात. एक, तो वेडा होता. दुसरी, माझी बायको त्याच्याशी खोटं बोलली म्हणून त्यानं तिला घरी यायला बंदी केली. लग्नकार्यात बायका अजून कुजबुजतात. या दोन्ही गोष्टी खोट्या आहेत, आणि त्या खोट्या आहेत हे ठाऊक असलेली माणसं आता दोनच उरलीत. त्यातली एक बोलायची नाही.

सगळं गाव त्यांना आण्णा म्हणायचं. बाजारपेठेत त्यांचं भुसार मालाचं दुकान. खाली पोती, वर दोन खोल्या, मागं परसात कडुलिंबाचं झाड. दुकान पुतण्या बघायचा. आण्णा दारात बाकड्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकायचे. पांढरी टोपी, धोतर, पायात कायम कुरकुरणारी चप्पल. ती का कुरकुरते असं कुणी विचारलं की म्हणायचे, "मी आलो हे कळाय नको व्हय? मी काय मांजार हाय?"

वरच्या खोल्या ते सुट्टीवर येणाऱ्यांना भाड्यानं द्यायचे. म्हणजे देतात असं लोक म्हणायचे. प्रत्यक्षात बहुतेकांना परत पाठवायचे. कारण खोली मागायला आलेल्या माणसाकडे ते बघतसुद्धा नसत. त्याच्या मागं उभ्या असलेल्या बाईकडे बघत आणि एकच विचारत, "बाळ, तुला म्हायेर हाय का?"

हो म्हटलं की संपलं. "मग हितं काय करालीस? आईकडं जा की. तिथं खोलीचं भाडं पडत न्हाय."

माहेर नसेल, तर वरची खोली तिची.

पुतण्यानं एकदा खोल्यांचे फोटो काढून इंटरनेटवर टाकले आणि खाली चुकून आण्णांचाच नंबर दिला. पुण्याच्या एका गृहस्थांचा फोन आला तेव्हा मी तिथंच होतो. त्यांनी पार्किंगचं विचारलं. आण्णा म्हणाले, "हाय की. बैलगाड्या लागत्यात तिथं तुमची बी लागंल. मंडळींच्याकडं द्या जरा फोन." पलीकडून काय म्हणाले ऐकू आलं नाही. आण्णा म्हणाले, "तुमाला काय कळतंय? खोली तुमी मागालासा, ऱ्हाणार ती हाय." मग थोडा वेळ ऐकून घेतलं आणि एकदम खूश होऊन म्हणाले, "आई हाय, बाबा हायत, तीन भाऊ हायत! मग पावणं, तुमाला हितं रेंज न्हाय." आणि फोन ठेवून दिला. पुतण्यानं कपाळावर हात मारला.

हे असं का, याची गावात जितकी माणसं तितकी कारणं. कुणी म्हणे त्यांची बहीण एकदा सासरहून आली, तेव्हा हे बाजारसमितीत सौद्याला गेलेले, दाराला कुलूप. ती पायरीवर बसून आल्या पावली परत गेली आणि पुढं आलीच नाही. कुणी म्हणे तसं काही नाही, म्हातारा मुळातच तऱ्हेवाईक. मी एकदा धीर करून विचारलं. म्हणाले, "खोली रिकामी हुती म्हणून."

आता आम्ही तिथं कसे गेलो ते सांगायला हवं, आणि इथंच माझा हात अडतो. त्यासाठी फेट्याची गोष्ट सांगावी लागेल.

माझ्या बायकोला एकच भाऊ, तिच्याहून धाकटा. सीमेकडच्या एका गावात शेती करतो. आईवडील गेल्यावर त्याचं घर हेच तिचं माहेर. त्याच्या मुलीच्या लग्नात मांडवात फेटे बांधायला सुरुवात झाली. घरच्या जावयाला पहिला मान. मी खुर्चीवर जाऊन बसलो. फेटेवाल्यानं कापड उलगडलं, तेवढ्यात तालुक्याचे कुणी पुढारी आले. मेहुणा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "दाजी, जरा उठता का? सायबास्नी घाई हाय. त्यांचं बांधून घेतो आन लगीच तुमचं." मी उठलो तो मांडवाबाहेरच गेलो. जेवलो नाही. गाडीत बसल्यावर बायकोला म्हणालो, "या घराची पायरी मी पुन्हा चढणार नाही. तुला जायचं तर जा, तुला कोण अडवतंय?"

कुणी अडवत नव्हतं, पण ती गेली नाही. नवऱ्यानं अशा आवाजात दिलेली परवानगी कशी असते हे आमच्या पिढीतल्या बायकांना सांगावं लागत नाही. मेहुण्याचे फोन यायचे, ती आत जाऊन बोलायची, बोलून आली की भांडी घासत बसायची. पुढं फोनही कमी झाले.

मी निवृत्त झालो त्या वर्षीच्या मे महिन्यात मंगळवार पेठेतली आमची गल्ली नेहमीसारखी रिकामी झाली. कुणी माहेरी, कुणी कोकणात. ती दारात उभी राहून शेजारणीच्या रिक्षात बॅगा चढवू लागायची. मला ते बघवेना. म्हटलं, चल, आपणही कुठंतरी जाऊ आठ दिवस. कचेरीतल्या एका मित्रानं मुरगूड सुचवलं. गाव निवांत, फिरायला तळं, बाजार मोठा, आणि खिशाला परवडणारं.

उतरलो तर स्टँडजवळचा लॉज लग्नाच्या वऱ्हाडानं भरलेला. दुसऱ्या एका ठिकाणी खाली दारूचं दुकान, तिथं बाईमाणसाला घेऊन कसं राहायचं? ऊन डोक्यावर. बायको रसवंतीच्या सावलीत बॅग मांडीवर घेऊन बसली होती. रसवाला आमची वणवण मघापासून बघत होता. म्हणाला, "पावणं, आण्णांच्याकडं जावा. खोली झ्याक हाय. फकस्त त्यो परीक्षा घेतोय."

"कसली परीक्षा?"

"तुमची न्हवं, वयनींची." आणि त्यानं हसत हसत तो प्रश्न सांगून टाकला. "म्हायेर न्हाय म्हंटलं की पास."

म्हणजे मला प्रश्न आधीच माहीत होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला तो माहीत नव्हता.

आण्णांनी तिला विचारलं. ती गोंधळली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. ती काय सांगणार होती देव जाणे. मी मधेच बोललो, "नाही हो. आईवडील कधीच गेले. एक भाऊ होता धाकटा, तोही गेला."

आण्णा बाकड्यावरून उठले. टोपी काढून हातात धरली. "धाकटा म्हंजे लईच वंगाळ झालं," असं पुटपुटले आणि तिला म्हणाले, "आत ये बाळ. पायरी सांभाळ, एक फरशी हालती."

वर गेल्यावर तिनं बॅग ठेवली. खिडकीबाहेर बघत मला विचारलं, "माझा भाऊ कधी गेला?"

"आपल्या लेखी गेलाच की."

"तुमच्या लेखी," ती म्हणाली. एवढंच.

मला वाटलं होतं ती चिडेल, उद्याच परत चला म्हणेल. पण दुसऱ्या दिवशी ती उठली तेव्हा ऊन खिडकीतून पार भिंतीपर्यंत आलं होतं आणि खाली चहा तयार होता. इतकी वर्षं संसार केला, पण तिला एवढं झोपलेलं मी पाहिलं नव्हतं. आण्णांची माहेराची व्याख्याच ती होती. म्हणायचे, "उठल्या उठल्या बाईला चूल दिसली न्हाय पायजे. मग ती जागा म्हायेर."

बाईनं स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, हा तिथला पहिला कायदा. स्वयंपाकाला पुतण्याची बायको आणि हाताखाली नवरे. हो, नवरे. पहिल्याच सकाळी आण्णांनी माझ्यापुढं भुईमुगाच्या शेंगांनी भरलेलं सूप ठेवलं, शेंगा फोडायला. मी म्हटलं, "अहो, मी पाहुणा."

"पावणी ती. तुमी जावई. आमच्यात जावई बसून खाईत न्हाईत."

फेट्यावरून मांडव सोडलेला माणूस मी. पण तिच्यासमोर काय बोलणार? बसलो शेंगा फोडत. ती समोर लिंबाला बांधलेल्या झोक्यावर बसून हसत होती. तोंडावर हात न घेता, मोठ्यानं. अशी हसते हे मी विसरलो होतो.

आण्णा जैन, त्यामुळं दिवेलागणीच्या आत जेवणं उरकायची. कांदा-लसूण नाही, बटाटा नाही, पाणी गाळून. दुसऱ्या दिवशी मी तिला हळूच म्हटलं, बाजारातून शेवचिवडा आणतो. आण्णांनी ऐकलं. "आणा की. खाली बसून खावा. वर मुंग्या हुत्यात, आन त्यांस्नी मी काय म्हणू, जावयानं बोलीवलं म्हणू?" बाजारच्या दिवशी कासार परसात यायचा. उतरलेल्या बायका रांगेनं बसून बांगड्या भरायच्या आणि आण्णा लांबून ओरडायचे, "मनगाट बघून भर रं, रडवू नगोस लेकीस्नी!" निघताना पुतण्याची बायको खणानारळानं ओटी भरायची. मग आण्णा माझ्याकडं वळायचे. "लेकीकडनं पैसं घेत न्हाय मी. जावयाकडनं घेतो. काडा."

पुढच्या मे महिन्यात तीच म्हणाली, "जायचं का आण्णांच्याकडं?" मग दर वर्षी गेलो. मेमध्ये आणि नागपंचमीलाही. पंचमीला आण्णा लिंबाच्या झाडाला झोक्याचा नवा दोर बांधून घ्यायचे. आदल्या दिवशी बायका भावाचा उपवास धरतात. पहिल्या वर्षी ती ताटावर बसली नाही, तेव्हा आण्णांनी विचारलं, "उपास कुणाचा गं?" ती म्हणाली, "असाच." ते तिच्याकडे बघत राहिले. मग पुतण्याच्या बायकोला म्हणाले, "हिला दूध-केळी दे." मला वाटलं, आता कळलं यांना. पण नाही. त्यांना वाटलं, मेलेल्या भावाचा उपवास धरणारी ही वेडी पोर. त्या दिवसापासून ते तिच्याशी अधिकच हळू बोलू लागले. तिच्यापुरती चप्पलसुद्धा काढून चालायचे.

मग तो मे महिना आला.

मेहुण्याला कुणाकडून तरी कळलं होतं की आपली बहीण मुरगूडला येऊन राहते. बाजारचा दिवस होता. तो आंब्यांची करंडी डोक्यावर घेऊन दुकानाशी आला. मी परसात शेंगा फोडत बसलो होतो. तिथून दार सरळ दिसायचं.

"माझी भन हितं उतरलीया म्हणं," तो म्हणाला.

"कोण भन? तुमी कोण?" आण्णा.

"सख्खा भाऊ तिचा. आंबं आणल्यात. दाजी लई रागावल्यात माझ्यावर, म्हटलं ह्या निमतानं तरी..."

आण्णांनी वरच्या जिन्याकडं तोंड करून तिला हाक मारली. ती खाली आली, भावाला पाहिलं आणि अर्ध्या जिन्यातून धावली. करंडी खाली ठेवायलाही त्याला सवड मिळाली नाही. दोघं रडत होती. "किती वाळलास रं," ती म्हणत होती. बांगड्या भरायला बसलेल्या बायका उठून बघू लागल्या.

आण्णा थांबले. दोघांचं रडून झाल्यावर म्हणाले, "बाळ, ह्यो कोण?"

"माझा धाकटा भाऊ, आण्णा," ती आनंदात बोलून गेली.

"आन गेल्याला कोण हुता?"

तिचा चेहरा उतरला. भावाला काही कळेना. "कोण गेलं? आमी दोघंच की."

"हिचा धाकटा भाऊ मेला म्हणून सांगितल्यालं हाय मला. ह्या दारात."

ती मान वळवून माझ्याकडे बघू लागली. मी समोरच होतो. हाकेच्या अंतरावर कसला, नुसतं पुटपुटलो असतो तरी सगळ्यांना ऐकू गेलं असतं. एकच वाक्य होतं: ते मी बोललो. आण्णांना तर आठवायला हवं होतं की बोललो मी होतो. पण इतक्या वर्षांत त्यांच्या मनात ते तिच्याच तोंडचं होऊन बसलं होतं. त्यांनी प्रश्न तिला विचारला होता, म्हणजे उत्तरही तिचंच. मी खाली पाहिलं. सुपातली शेंग उचलली, फोडली, दाणे बाजूला टाकले.

तिनं माझी तेवढी वाट पाहिली. मग म्हणाली, "मी खोटं बोलले, आण्णा."

ती असं का म्हणाली, हे मी तिला कधी विचारलं नाही. भावासमोर, चार बायकांसमोर नवऱ्याला खाली पाहायला लागू नये, म्हणून असेल. किंवा मी बोलणार नाही हे तिला एवढ्यात कळून चुकलं असेल. हे दुसरं कारण मला जास्त छळतं.

"मला मारलंस व्हय आक्का?" मेहुणा म्हणाला. ओरडला नाही. करंडी उंबऱ्याच्या आत सरकवली, पटक्याच्या टोकानं तोंड पुसलं आणि बाजारात शिरला. ती दारापर्यंत गेली. पुढं गेली नाही.

आण्णा तिच्याकडं वळले. "जित्त्या भावाला मारून माझ्या घरात ऱ्हायलीस. आन मी येडा, त्याच्या नावानं रडलो तुझ्यासंगं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुला म्हायेर हाय, बाळ. तिकडं जा. ही खोली जिला कोण न्हाय तिची हाय. परत येऊ नगोस." तरीही त्यांनी तिला रिकामी जाऊ दिलं नाही. पुतण्याच्या बायकोला हाक मारून ओटी भरायला लावली. मी पैसे पुढं केले, तर त्या दिवशी माझ्याकडनंही घेतले नाहीत. आता मी त्यांचा जावई राहिलो नव्हतो.

एसटीत ती खिडकीशी बसली. पदरात नारळ. एका माणसाच्या एका वाक्यानं तिची दोन्ही माहेरं गेली होती आणि तो माणूस तिच्या शेजारी बसून कंडक्टरकडून सुटे पैसे मागत होता.

मी सांगायला गेलो नाही असं नाही. पुढच्या वर्षी तिला न सांगता एकटाच मुरगूडला गेलो. आण्णा बाकड्यावरच होते. नजर अधू झालेली. मी नाव सांगितलं, तर म्हणाले, "बसा की," आणि आत बघून ओरडले, "सूप आणा रं!" आलं सूप. मी वाक्य जुळवत शेंगा फोडू लागलो. फोडता फोडता दुपार टळली.

शेवटी तेच म्हणाले, "ताई बरी हाय न्हवं?"

"बरी आहे."

"भावाकडं जाती का?"

ती जात नव्हती. तिनं फोन केले होते, त्यानं उचलले नव्हते. हे सांगितलं असतं तर पुढचं सगळं आपोआप बाहेर आलं असतं. मी म्हणालो, "जाते की. नेहमी जाते."

आण्णांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "बगा! मी जरा तोडूनच बोललो हुतो. रातच्याला झोप येत न्हवती मला. पण तोडलं म्हणून तर गेली न्हवं? न्हाईतर हितंच येत ऱ्हायली असती." आणि मला पाठीवर थाप मारून म्हणाले, "चांगलं झालं, जावई. चांगलं झालं." पुन्हा जावई म्हणाले. त्या शब्दासाठी मी गप्प राहिलो असं म्हणणार नाही, पण तो ऐकून मला बरं वाटलं, हेही लपवणार नाही. येताना स्वतःला समजावलं, म्हातारा समाधानात आहे, आता कशाला ढवळा. मला माझ्या सोयीची कारणं नेहमीच वेळेवर सापडतात.

आम्ही पेठेतलं घर सोडून कळंब्याला राहायला आलो, त्यानंतर एका सकाळी पुतण्याचा फोन आला. आण्णा गेले. पुतण्या म्हणाला, "काकींना सांगा. आण्णा अधनंमधनं नाव काढायचे त्यांचं."

ती देवघरापुढं बसली होती. हातात काडीपेटी. मी सांगितलं. तिनं काडीपेटी खाली ठेवली आणि उठून बाजूला झाली. मला आधी कळलं नाही. मग ती न्हाणीत जाऊन डोक्यावरून पाणी घेऊन आली आणि देवघरापासून लांब, भिंतीला टेकून जमिनीवर बसली.

"सुतक आहे मला," ती म्हणाली.

बाप गेल्यावर लग्न झालेली लेक धरते ते सुतक. ज्यानं तिला परत येऊ नकोस म्हणून सांगितलं, त्याचं. माझ्या करणीपायी सांगितलं, त्याचं. मला काहीतरी म्हणायलाच हवं होतं. मी म्हणालो, "सासऱ्याचं सुतक जावयालाही असतं."

"ते माझे वडील होते," ती म्हणाली. "तुमचे घरमालक. तुम्हाला काही नाही. दिवा तुम्ही लावा."

मी पाटावर बसलो. आयुष्यात देवाचा दिवा लावायची वेळ माझ्यावर क्वचितच आली असेल. काडी ओढली. तिच्याकडे पाठ होती, त्यामुळं धीर आला. म्हटलं, आता. तोंड दिसत नाही तोवर बोलून टाकू.

"अगं, त्या दिवशी मुरगुडात मी..."

"वात पुढं ओढा," ती मागून म्हणाली. "विझेल ती."

मी वात पुढं ओढली. बोटाला तेल लागलं, ते पुसलं. ज्योत नीट उभी राहीपर्यंत बघत बसलो. मागं वळलो तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले होते.